आवळायचं राहिलं

पंपवाल्याने बोट विकत घेतली, ही बातमी गल्लीत पोचली तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना. उभ्या आयुष्यात ज्याने दुकानाचा बाक आणि मागच्या खोलीतला पलंग यांच्यापलीकडे फारसा प्रवास केला नाही, बायको गेल्यापासून तर जो तेवढंही ओढतओढत करत होता, त्याने बोट घ्यावी? आणि तीही कुठली, तर फोटोवाल्याच्या आवारातली.

ती बोट सगळ्यांना ठाऊक होती. एके काळी म्हणे तलावात अशी सुसाट जायची की काठावरची बदकं उडून जायची. म्हणे. पाहिलेला माणूस काही कुणाला भेटला नव्हता. बोट मूळची फोटोवाल्याच्या सासऱ्याची. सासरा गेला आणि बोट जावयाच्या गळ्यात पडली. जावयाला पाण्याचं वावडं. त्याने ती चाकाच्या गाड्यासकट स्टुडिओमागे उभी केली, पाठीमागच्या भिंतीवर निळाशार समुद्र रंगवला, आणि नवीन जोडप्यांना आत बसवून फोटो काढायला लागला. नवरा स्टिअरिंगवर, बायको त्याच्या खांद्यावर, केस उडावेत म्हणून बाजूला टेबलफॅन. अर्ध्या गावाचे संसार त्या बोटीतून सुरू झाले, आणि बोट जागची हलली नाही. पुढे ती हौसही ओसरली. मग वर ताडपत्री, आत उंदीर, आणि समुद्राचा रंग पोपडे येऊन गळायला लागलेला.

"कशाला घेताय?" हे खुद्द फोटोवाल्यानेच विचारलं. विकणाऱ्याने असं विचारावं म्हणजे बघा.

"बघू," पंपवाला म्हणाला.

त्या वर्षात त्याच्या तोंडात दोनच शब्द उरले होते. एक 'बघू' आणि दुसरा 'बरं'. जेवायला चल म्हटलं, बरं. पाऊस येतोय म्हटलं, बरं. बायको गेली त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, हळूहळू येईल. हळूहळू वर्ष सरलं, आलं काहीच नाही. बरं, माणूस दगड होता म्हणावं तर तसंही नव्हतं. लेकीच्या पाठवणीला ह्याच माणसाने रडून रडून जावयाचा कोट भिजवला होता. आता मात्र दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसा तो अख्खा झाला होता. दुःख झालं असतं तर निदान त्याचं काही करता आलं असतं. इथे काही होतच नव्हतं.

आता त्याच्या दुकानाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दुकान पंपदुरुस्तीचं. घरातले, बेकरीतले, विहिरीवरचे, इमारतीच्या टाकीचे, असे सगळे पंप. खिडकीखाली एक लांब बाक. डाव्या बाजूला तो, उजव्या बाजूला बायको. पंप यायचा तो डावीकडे. हा उघडायचा, साफ करायचा, झिजलेलं बदलायचा, सगळे भाग जागेवर बसवायचा आणि नट बोटांनी फिरवून, नुसते बोटांनी, पंप उजवीकडे सरकवायचा. तिथे बायको पाना घेऊन बसलेली. ती एकेक नट आवळायची आणि आवळून झाला की त्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. ठिपका म्हणजे झालं. ठिपका नसलेला पंप दुकानाबाहेर जात नसे. तिच्या नखांना ते नेलपॉलिश कधी लागलं नाही, सगळं नटांनाच लागलं.

हे असं का, तर लग्नानंतर लवकरच ह्या गृहस्थाने एकाचा पंप न आवळताच देऊन टाकला आणि त्या बिचाऱ्याचं स्वयंपाकघर पाण्यात गेलं. त्या दिवशी बायकोने याच्या हातातला पाना काढून घेतला तो घेतलाच; उघडण्यापुरती पकड तेवढी याच्याकडे राहिली. "हातानं बसवलेलं हाताइतकंच टिकतं," ती म्हणाली. गल्लीने तिचं नाव पानाबाई ठेवलं. तिला राग नव्हता. नवराबायकोत अशा वाटण्या होतातच. एकाने डबा उघडायचा, दुसऱ्याने त्याचं झाकण शोधायचं. फक्त या दोघांची वाटणी इतकी जुनी झाली होती की आवळणं नावाचं काही काम असतं, हेच हा माणूस विसरून गेला होता. बोटांनी फिरवलं, उजवीकडे सरकवलं, संपलं त्याचं काम.

ती गेल्यावरही तो पंप उजवीकडे सरकवत होता. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं आणि उजवीकडचा पंप उचलून न्यायचं.

मग पंप परत यायला लागले. बेकरीवाल्याचा तर दोनदा आला. "अहो, गळतोय पुन्हा," बेकरीवाला म्हणाला, तेही चाचरतच. घरात असं झालेल्या माणसाला बोलायचं तरी कसं? हा म्हणाला, "बरं." उघडला, वायसर बदलला, बसवला, बोटांनी फिरवला, उजवीकडे सरकवला. बेकरीवाला नमस्कार करून घेऊन गेला. चांगली माणसं अशी घात करतात. एकाने जरी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तरी वर्ष वाया गेलं नसतं.

शिव्या घालणारं एकच माणूस होतं, ती लेक. ती पोहण्याच्या तलावावर शिकवायला होती. लोकांना पाण्यात ढकलून ढकलून तिचा आवाज मोठा झालेला. सुट्टीच्या दिवशी ती बापाकडे यायची आणि यायची ती कपाळाला हात लावायची. मुरंब्याची बरणी उचलावी तर झाकण हातात आणि बरणी पायावर. नळ बंद केलेला, पण टिपटिप चालू. एकदा ती आत आली आणि नाकाला पदर, म्हणजे ओढणीचं टोक लावून आधी खिडक्या उघडायला धावली. बापाने शेगडी साफ करून गॅसची नळी नुसती अडकवून ठेवली होती. तो शेजारी बसून चहाची वाट बघत होता. कुणाची वाट, देव जाणे.

त्या दिवशी ती ओरडली नाही. खुर्ची ओढून समोर बसली. "बाबा, बस झालं. आमच्याकडे मागची खोली रिकामी केली आहे. दुकान बंद करायचं आणि तिकडे यायचं."

"बघू," बाप म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला तिकडे जायला काही वाटलं नसतं. खोली काय, इथलीही खोली आणि तिथलीही. पण दुकान बंद म्हणजे बाक जाणार. बाकाची उजवी बाजू जाणार, तिथलं गुळगुळीत झालेलं लाकूड, तिथला वाकडा स्टूल. तेवढा एक विचार आला की त्याच्या आत काहीतरी किंचित हलायचं. अख्ख्या वर्षात तेवढंच काय ते हलत होतं. म्हणून तो 'बरं' म्हणाला नाही, 'बघू' म्हणाला. लेकीला हा फरक कळला नाही.

आणि पुढच्या सुट्टीला ती आली तर दुकानासमोर बोट.

"हे काय आहे?"

"बोट."

"ते दिसतंय मला. कशाला आणली?"

सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं नसतं का? झालं होतं ते एवढंच, की फोटोवाल्याच्या टाकीचा पंप बसवायला तो गेला होता. काम झालं, हात पुसायला फडकं शोधता शोधता ताडपत्री उचलली, आणि सहज स्टिअरिंगवर हात टेकला. चाक डुगडुगलं. मधला नट ढिला. तो तसाच घरी आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि बोट मागितली.

आता त्या नटाचीही एक गोष्ट आहे. दुकानात बाकाच्या वर एक फोटो आहे. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी त्या बोटीत बसून काढलेला. त्यात बाप कॅमेऱ्याकडे बघतोय, लेक बघतेय, होणारा जावई तर दात दाखवतोय. आणि पानाबाई खाली स्टिअरिंगकडे बघतेय. "अहो, हा नट ढिला आहे. पाना आहे का?" तिने फोटोवाल्याला विचारलं होतं. फोटोवाला म्हणाला, "बाई, ही बोट कुठे जाणार आहे?" "जाणार नसली तरी," ती म्हणाली. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

लेकीने बोटीला एक फेरी मारली. उंदरांनी कुरतडलेल्या सीट, कुजलेली फळी, भेगाळलेले टायर. तिचा संताप हळूहळू वर चढला, आणि चढला की ती पैज लावायची, लहानपणापासूनची खोड.

"ठीक आहे. ही बोट नीट करा. मला आत बसवा आणि तलावातल्या बेटाला वळसा घालून परत आणा. आणलंत, तर दुकानाचं नाव काढणार नाही. नाही आणलंत, तर त्याच दिवशी शटर खाली आणि पिशवी घेऊन माझ्याबरोबर. कबूल?"

"बरं."

"नुसतं बरं नको. कबूल म्हणा."

"कबूल," बाप म्हणाला. 'बोट' धरला नाही तर वर्षभरातला तो तिसरा शब्द.

गल्लीला काय, फुकटचा तमाशा. येणाराजाणारा थांबायचा आणि अक्कल पाजळायचा. ज्यांनी बादलीपेक्षा खोल पाणी पाहिलं नव्हतं तेही इंजिनावर बोलायला लागले. न्हावी म्हणाला, इंजिन गेलंय. शिंपी म्हणाला, इंजिन ठीक आहे, बूड गेलंय. आणि फोटोवाला रोज एकदा येऊन एकच वाक्य बोलून जायचा: "काहीही करा, पण बुचाला विसरू नका." बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी, साचलेलं पाणी काढून टाकायला एक भोक असतं. जमिनीवर असताना त्याचं बूच काढून ठेवतात. पाण्यात जाताना ते लावायचं विसरलं की संपलं. त्याचा सासरा एकदा विसरला होता म्हणे आणि सुटाबुटात पोहत आला होता.

पंपवाला काम करत राहिला. उंदराचं घरटं काढलं, पिल्लं नव्हती. टाकीतलं पेट्रोल काढलं, त्याला जुन्या वॉर्निशचा वास येत होता. कार्बुरेटर उघडून त्यातला राळेसारखा चिकट थर खरवडला. धुराच्या नळीत गांधीलमाशीने मातीचं बिऱ्हाड केलं होतं, ते फोडलं. कुजलेली फळी काढून नवीन टाकली. गंजून बसलेली स्टिअरिंगची तार तेल पाजून पाजून सोडवली, एक दिवस ती आपणहून सुटली. बोटीच्या इंजिनाला गार ठेवायला तळाच्या दुसऱ्या एका भोकातून तलावाचंच पाणी आत ओढून घेतात, रबरी नळीतून; आणि ते ओढतो कोण, तर एक छोटा पंप. तो पंप त्याने उघडला. आतला रबरी पंखा वाळून त्याच्या पाकळ्या तुटल्या होत्या. हे त्याचं हातचं काम. नवीन पंखा बसवला, नळी नवीन टाकली, ती धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या चढवल्या, बोटांनी फिरवल्या, आणि हात पुसून पुढच्या कामाला लागला.

सगळं असंच. बसवलं, बोटांनी फिरवलं, पुढे. काम सुबक होतं, कुणीही नाव ठेवलं नसतं.

कामात मन रमतं असं लोक म्हणतात. त्याचं रमलं नाही. कामात हात रमतात, मन जिथे असतं तिथेच असतं. त्याचं मन कुठेच नव्हतं. इंजिन पहिल्यांदा लागलं तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. पिंपातल्या पाण्यात नळी सोडून त्याने ते थोडा वेळ चालवलं, आवाज ऐकला, बंद केलं. न्हाव्याने पाठीवर थाप मारली. ती पाठीवर पडली एवढं त्याला कळलं.

पैजेच्या दिवशी सकाळी बोट तलावावर नेली. फोटोवाला कॅमेरा घेऊन आलेला; त्या बोटीचा पाण्यातला फोटो त्याच्याकडे एकही नव्हता. लेक पोहण्याचं जाकीट घालून आली, बापालाही तिने ते चढवलं, पट्टे ओढून ओढून. बोट पाण्यात सरकण्याआधी चारजणांनी बुचाकडे बोट दाखवलं. बूच लावलेलं होतं. फोटोवाल्याने ते स्वतः हाताने पिळून पाहिलं आणि मग हुश्श केलं.

बोट तरंगली. इतक्या वर्षांनी ती पाण्यावर बसली आणि जरा डोलली, तशी काठावरची मंडळी दोन पावलं पुढे सरकली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. बापाने वेग वाढवला, नाक वर झालं, मागे पांढरी फेसाची रेघ पडली, आणि बदकं उडाली. खरंच उडाली.

लेक हसली. तिला हसायचं नव्हतं, पैज तिच्या विरुद्ध चालली होती. पण वारा तोंडावर आला आणि हसू आलं. तिने बापाकडे पाहिलं. तो समोर बघत होता, स्टिअरिंग धरून, स्टुडिओतल्या नवरदेवांपेक्षाही कोऱ्या चेहऱ्याने. बेट जवळ यायला लागलं. त्यावरची झुडपं वेगवेगळी दिसायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "पाय बघा."

त्याने पाहिलं. पाणी घोट्याच्या वर होतं. कधीपासून होतं कोण जाणे. त्याला कळलंच नव्हतं.

"बूच?" ती म्हणाली.

"बूच नाही," तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

त्याने मागचं झाकण उचललं. तळाच्या भोकावरून नळी निखळली होती आणि तलाव आत येत होता, घाई न करता, जाड धारेने. भोकावर एक चावी होती. ती त्याने वाकून बंद केली. धार थांबली. सगळं एकदम शांत झालं, फक्त पाणी बोटीत या बाजूचं त्या बाजूला जात होतं. तो घाबरला नव्हता. घाबरायलाही काहीतरी जागं असावं लागतं. लेक मात्र खरी पाण्यातली. तिने डबा शोधला आणि उपसायला लागली. उपसता उपसता तिने इंजिनाकडे नजर टाकली. दुसऱ्या नळीची पट्टी हलत होती. तिने बोट लावलं, पट्टी गोल फिरली. तिसरी, तीही. एक नट बोटाने फिरवला तर हातात आला.

"बाबा, हे सगळंच ढिलं आहे."

"हं."

"आणि ठिपके कुठे आहेत?" तिने विचारलं. लहानपणी शाळेतून आली की नेलपॉलिशची बाटली धरायचं काम तिचं असायचं. "एकावर पण नाही."

बाप निखळलेल्या नळीचं टोक पुसत होता. मान वर न करता, रोजच्या आवाजात तो म्हणाला, "ते तुझी आई बघेल ना."

लेकीच्या हातातला डबा थांबला.

तिच्याकडे न बघताच त्याला ते ऐकू आलं, आपलंच वाक्य, जरा उशिरा, जसं कुणी दुसराच बोलला आहे. तो नळी धरून तसाच बसला. मग त्याला एकामागून एक दिसायला लागलं. बरणी. शेगडी. बेकरीवाला, दोनदा. उजवीकडे सरकवलेले पंप, रोज सरकवलेले. त्याला सांगितलं होतं सगळ्यांनी, डॉक्टरने सांगितलं, लेकीने सांगितलं, त्याने मान हलवली होती, बरं म्हटलं होतं. हातांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हात वर्षभर तिची वाट बघत होते. आपण बसवायचं, मग ती येईल आणि आवळेल.

"पाना दे," तो म्हणाला.

हत्यारांची पिशवी दोघांची मिळून एकच होती, घरोघरी जाताना न्यायची, ती आजही बोटीत होती. लेकीने ती चाचपली. बाजूचा कप्पा वर्षभर कुणी उघडलाच नव्हता. आत फडक्यात गुंडाळलेला पाना, जसा पानाबाईने ठेवला तसा, आणि त्याच्याशेजारी ती छोटी बाटली.

पाना हातात जड होता. कसा धरायचा हेही त्याला आठवावं लागलं. त्याने नळी चढवली, पट्टी बसवली आणि आवळायला घेतली. पहिला आटा सोपा गेला. पुढे जोर लागला. शेवटी पाना घट्ट अडला, आणि तिथे तो थांबला. कारण आता हा नट तिच्यासाठी उरला नव्हता. एवढंच होतं ते. एक आवळला की तेवढ्यापुरती ती नाही. त्याने दुसरी पट्टी घेतली. तिसरी. इंजिनाचे सगळे, टाकीचे, सीटचे. लेक उपसत राहिली. शेवटी तो पुढे आला आणि स्टिअरिंगचा मधला नट आवळला. चाक डुगडुगायचं थांबलं.

पाय गारठले होते. पाणी गार आहे हे त्याला आत्ता कळलं.

चावी उघडली, कुठे थेंब नाही. इंजिन पुन्हा लागलं. बेट समोरच होतं. हाक मारली तर झुडपातले पक्षी उडतील इतकं जवळ. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि बोटीचं तोंड किनाऱ्याकडे केलं.

लेकीला आधी कळेना. "बाबा, बेट राहिलं."

"राहू दे."

"आता ठीक आहे सगळं. वळसा घालू शकता तुम्ही."

"वर्षभराचे पंप तसेच आहेत गं," तो म्हणाला. "लोकांच्या घरात."

"म्हणजे तुम्ही हरलात."

"हो. हरलो." त्याने स्टिअरिंग सरळ केलं. "शटर ओढू. फक्त आधी ते आवळून होऊ दे."

लेक समोर बघत राहिली. वाऱ्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, असं तिला दाखवायचं होतं. "किती आहेत?"

"बरेच."

"मग काही घाई नाही," ती म्हणाली.

काठावर फोटोवाल्याने फोटो काढला. त्यात बोट पाण्यात आहे, दोघं भिजलेली आहेत आणि बाप मान खाली घालून नटाकडे बघतोय. फोटोवाला म्हणाला, पुन्हा तेच, या घराण्याला कॅमेऱ्याकडे बघताच येत नाही.

नेलपॉलिश वाळून खडा झालं होतं. घरी येऊन त्याने त्यात थिनरचे थेंब टाकले आणि बाटली तळव्यांत धरून हलवत बसला. बऱ्याच वेळाने आतली रंग ढवळायची गोळी वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन निघाला. कुठे कुठे कुठला पंप आहे हे त्याला लिहून ठेवावं लागत नसे. माणसांची तोंडं तो विसरायचा, पंप नाही. पहिली बेकरी. बेकरीवाला पाठीमागच्या दारात पिठाने माखलेला उभा होता.

"मी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला. "चालतोय आता. जरा ठिबकतो, पण मी खाली भांडं ठेवलंय."

"बघायचा होता. आवळायचा राहिलाय."

"राहिला? तुमच्याकडून कसा राहिला?"

यावर जे सांगायचं ते वाक्य त्याने कधीच उच्चारलं नव्हतं. लोक येऊन त्यालाच सांगून गेले होते, तो नुसता मान हलवत बसला होता. आता दारात उभं राहून सांगणं भाग होतं, आणि या एका दारात सांगून भागणार नव्हतं. प्रत्येक दारात सांगावं लागणार होतं.

"बायको वारली माझी," तो म्हणाला. "आवळायचं ती बघायची."

बेकरीवाला गोंधळला. त्याने हात ॲप्रनला पुसले. "अहो, मला माहीत आहे. मी आलो होतो ना तेव्हा. वर्ष झालं की त्याला."

"हो," पंपवाला म्हणाला. "मला काल कळलं."

बेकरीवाल्याने बाजूला होऊन त्याला आत घेतलं. पंप भिंतीकडच्या ओट्याखाली होता. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, डोकं आणि खांदे आत घातले, आणि पाना लावला. चार नट होते. चार नटांना लागतो त्याहून खूप जास्त वेळ तो आत राहिला. बाहेर त्याचे नुसते पाय दिसत होते, आणि मधून मधून तेही हलत होते. बेकरीवाल्याने कामावरच्या माणसांना खुणेने बाहेर पाठवलं आणि स्वतः पिठाच्या पोत्यावर बसून राहिला.

बाहेर आल्यावर पंपवाल्याने बाहीने तोंड पुसलं, बाटली उघडली आणि चार ठिपके दिले. त्याचा हात बसलेला नव्हता. ठिपके मोठे पडले, एक तर ओघळला. तिने पाहिले असते तर पुसून पुन्हा लावायला सांगितलं असतं.

भांडं त्याने स्वतःच उचलून मोरीत रिकामं केलं. बेकरीवाल्याने दिलेला गरम पाव पिशवीत टाकला आणि शेजारच्या घराची बेल वाजवली.